पनामा सिटी : भरती-ओहोटी बघून आखायचा प्रवास

पनामाला जायचं ठरलं की विमानाच्या तिकिटाबरोबरच एका लसीची तारीख ठरवावी लागते. ती लस पिवळ्या तापाची. भारत सरकारने पिवळ्या तापाच्या देशांची जी यादी केली आहे तिच्यात पनामा आहे. त्यामुळे परतताना लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे 'पिवळं कार्ड' म्हणतात ते, हाती नसेल तर आपल्या विमानतळावर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहायची वेळ येऊ शकते. लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची आणि ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. साठी उलटलेल्यांनी, अंड्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा.

कार्डापासून सुरुवात केली ती केवळ नियम सांगायचा म्हणून नाही. सुएझ कालवा खोदून नावारूपाला आलेले फेर्दिनां द लेसेप्स १८८० च्या दशकात पनामात कालवा खोदायला उतरले, तेव्हा पिवळा ताप आणि मलेरिया यांनी त्यांच्या कंपनीचे सुमारे २२,००० लोक नेले. १८८९ मध्ये कंपनी बुडाली. १९०४ मध्ये अमेरिकनांनी काम हाती घेतलं, तेव्हा विल्यम गोर्गास या लष्करी डॉक्टरने आधी डासांकडे पाहिलं. शहरात नळाचं पाणी आणलं, गटारं बांधली, पिंपं झाकली, घरोघर धुरी दिली. दोनेक वर्षांत शहरातून पिवळा ताप हटला आणि मगच खोदकामाला खरा वेग आला. १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा सुरू झाला. एवढा मोठा कालवा आधी पिंपातल्या पाण्यापाशी अडला होता, हे ध्यानात ठेवून शहर बघायला घेतलं की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

कारण हे शहर पाण्याच्या हिशोबावर चालतं. वरून कोसळणारं पाणी, तलावात अडवलेलं पाणी आणि दिवसातून दोनदा किनाऱ्यावर चढणारं-उतरणारं पाणी. प्रवासी कंपन्यांच्या 'एका दिवसात दहा ठिकाणं' अशा यादीने इथे फिरू नका. आदल्या रात्री फोनवर भरती-ओहोटीच्या वेळा आणि पावसाचा अंदाज बघा आणि त्यावर दुसरा दिवस आखा. एवढं एक केलंत तर तीन-चार दिवसांत जे हाती लागेल ते घाईच्या आठवड्यातही लागणार नाही.

आधी जाण्याचं बोलू. भारतातून थेट विमान नाही. युरोप, इस्तंबूल किंवा अमेरिकेमार्गे जावं लागतं, आणि वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही पाहावं लागतं. मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना मात्र पनामा सोयीचा आहे. मायामीहून तीन तासांच्या आसपासचं उड्डाण. व्हिसाचे नियम बदलत राहतात आणि हाती अमेरिकेचा व्हिसा असल्यास काही सवलती असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी पनामाच्या वकिलातीकडून आजचा नियम विचारून घ्या. जुन्या प्रवासवर्णनावर विसंबू नका, माझ्या लेखावरही नको. पैशाचा प्रश्न सोपा आहे. चलनाचं नाव बाल्बोआ असलं तरी बाल्बोआच्या नोटा नसतातच. नोटा अमेरिकन डॉलरच्या आणि नाणी दोन्हींची, भाव एकास एक. पन्नास-शंभरच्या नोटा दुकानदार घ्यायला कां-कूं करतात, तेव्हा एक, पाच आणि दहाच्या नोटा जवळ बाळगा. उरलेली बाल्बोआची नाणी निघण्यापूर्वी संपवा, देशाबाहेर ती कुणी घेत नाही. टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून बसण्याआधी भाडं ठरवा किंवा अॅपवरून गाडी बोलवा. मेट्रो उत्तम आहे. मध्य अमेरिकेतली ही पहिली मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली आणि आता तिची शाखा टोकुमेन विमानतळापर्यंत जाते.

हवामान आपल्या कोकणातल्या माणसाला नवं वाटणार नाही. दमट, उकाड्याचं, बारा महिने पंचवीस ते बत्तीस अंशांच्या आसपास. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडे दिवस, त्याला तिथे 'वेरानो' म्हणजे उन्हाळा म्हणतात. बाकीचे महिने पावसाचे. पण पाऊस मुख्यतः दुपारी येतो, वळवासारखा ढगांच्या गडगडाटासह, आणि तास-दोन तासांत ओसरतो. म्हणून पावसाळ्यात जायला घाबरू नका. सकाळ उघड्यावर, दुपार छपराखाली आणि संध्याकाळ पुन्हा बाहेर, एवढं पथ्य पाळा. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तर पावसाचा जोर असूनही मी जाच म्हणेन. त्या दिवसांत उत्तर अमेरिकेतून दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी आणि गिधाडं या चिंचोळ्या भूमीवरून जातात. ऊन तापून हवा वर उचलू लागली की शहराच्या डोक्यावर हजारोंचे थवे चक्राकार फिरत चढतात. हंगामात ही संख्या लाखोंनी भरते. नोव्हेंबरात सुट्ट्याही पुष्कळ असतात. ३ तारखेला कोलंबियापासून वेगळं झाल्याचा दिवस (१९०३), २८ ला स्पेनपासूनच्या स्वातंत्र्याचा (१८२१). मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

हे थवे बघायला जागा एकच, सेरो आंकोन. शहराच्या मधोमध १९९ मीटर उंचीची ही टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर पनामाचा भलाथोरला झेंडा फडकतो. सकाळी सहा-साडेसहाला पायथ्याशी पोचा. डांबरी रस्त्याने अर्ध्या-पाऊण तासाची चढण आहे, पुण्याची पर्वती रोज चढणाऱ्याला काहीच वाटणार नाही. वाटेत झाडांच्या शेंड्यांकडे बघत चला. गुआरुमो नावाच्या, मोठ्या हातासारख्या पानांच्या झाडात राखाडी गाठोडं दिसलं तर ते स्लॉथ आहे. टूकन ओरडतो. मांजराएवढा, शेपूट नसल्यासारखा न्येके नावाचा प्राणी पाचोळ्यात खुडबुडत असतो. वर पोचल्यावर एका बाजूला काचेच्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूला जुनं शहर, तिसरीकडे कालव्याचं तोंड आणि अमेरिका खंडांना जोडणारा १९६२ चा पूल.

या टेकडीवर जरा थांबाच. कालव्याच्या दोन्ही अंगांचा पट्टा अमेरिकेच्या ताब्यात होता आणि ही टेकडी त्यात गेलेली होती. आपल्याच शहरातली टेकडी परकी झाल्याचं दुःख आमेलिया डेनिस दे इकाझा या कवयित्रीने कवितेत मांडलं, तिचा पुतळा आज माथ्यावर आहे. जानेवारी १९६४ मध्ये याच पट्ट्यात आपला झेंडा लावायला गेलेल्या विद्यार्थ्यांवरून दंगल उसळली आणि माणसं मेली. ९ जानेवारी तिथे हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १९७७ च्या तोरिहोस-कार्टर करारानंतर हा पट्टा टप्प्याटप्प्याने परत आला आणि ३१ डिसेंबर १९९९ ला कालवाही. एवढं ठाऊक असलं की वरच्या झेंड्याच्या आकाराचं नवल वाटत नाही.

पायांना आणखी काम हवं असेल तर दुसऱ्या सकाळी पार्के नातुराल मेत्रोपोलितानो. २३२ हेक्टरांचं हे जंगल शहराच्या हद्दीतच आहे. इथल्या पायवाटा सोप्या आहेत आणि टेकडीवरच्या जागेवरून जंगलापलीकडे उभे मनोरे दिसतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची सवय असलेल्या मुंबईकराला ही शेजारपणाची गंमत कळेल. एस्पावे नावाचे महाकाय वृक्ष बघा. ते आपल्या काजूचे सख्खे भाऊबंद. काजू, पेरू, पपई, अननस ही सगळी अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलेली मंडळी, म्हणून इथल्या रानात कोकणी माणसाला अधूनमधून ओळखीचा वास येतो. जंगलात फुलपँट आणि लांब मोजे घालाच. गवतातली बारीक लाल किडी, कोलोरादिया, चावली की आठवडाभर खाज सुटते. डास पळवणारं मलम संध्याकाळी विसरू नका. डेंगी तिथेही आहे.

आता कालवा. सगळे जातात ते मिराफ्लोरेसच्या लॉककडे, म्हणजे जहाजं वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांकडे, आणि जायलाच हवं. पण वेळ चुकली तर दोन तास रिकामं पाणी बघत बसाल. साधारणपणे सकाळी पॅसिफिककडून आत जाणारी जहाजं इथून चढतात आणि अटलांटिककडून आलेली दुपारनंतर उतरतात. मधल्या वेळेत मोठं जहाज क्वचित दिसतं. म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी तीनच्या पुढे जा. गच्चीवर कठड्यापाशी जागा धरा. जहाज दोन्ही भिंतींमध्ये जेमतेम हातभर फट ठेवून सरकतं, रुळांवरची छोटी विजेची इंजिनं त्याला दोरांनी नीट मधोमध धरून ठेवतात (त्यांना 'मुलास', म्हणजे खेचरं म्हणतात), दारं मिटतात आणि हजारो टनांचं ते धूड आवाज न करता वर उचललं जातं. दोन पायऱ्यांत मिळून सुमारे साडेसोळा मीटर.

हे बघताना एक गोष्ट विचारात घ्या. इथे पाणी वर चढवायला पंप नाहीत. सगळं पाणी वरून, समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचावरच्या गाटून तलावातून उताराने येतं. मिराफ्लोरेससारख्या जुन्या दारांतून एक जहाज पार होताना सुमारे वीस कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. तलाव भरतो तो पावसाने, आणि पाऊस धरून ठेवतं ते भोवतीचं जंगल. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा दिवसाला छत्तीसच्या आसपास जाणारी जहाजं चोवीसच्या घरात आणावी लागली. त्याच तलावांचं पाणी शहर पितं. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या आणि धरणातली टक्केवारी रोज वाचणाऱ्या आपल्या माणसाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही.

म्हणूनच मिराफ्लोरेस बघून परत फिरू नका. अर्ध्या तासावर गांबोआ आहे, तिथे सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानाचं जंगल थेट कालव्याला भिडतं. 'पाइपलाइन रोड' ही कच्ची वाट जगभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या ओठांवर असते. महायुद्धाच्या काळात तेलवाहिनीसाठी काढलेला हा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना शेकडो जातींचे पक्षी. वाटेवरच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढून झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवर उभं राहायचं आणि गप्प बसायचं. दूर कुठेतरी हाऊलर माकडं घुमायला लागतात, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाघच वाटतो. पहाटे पाचला गाडी काढा, जाणता वाटाड्या घ्या. त्याच्या डोळ्यांशिवाय आपल्याला पानांखेरीज काही दिसत नाही, हा पैसा वाचवू नका. अधिक रस असेल तर गाटून तलावातलं बारो कोलोरादो बेट. धरणाचं पाणी चढलं तेव्हा डोंगराचा माथा तेवढा वर राहिला, तेच हे बेट. स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ अनेक दशकं तिथे संशोधन करत आहेत. जागा मोजक्या असतात, भेट आधी ठरवावी लागते. मला एकच दिवस दिलात तर मी मिराफ्लोरेसला तासभर देईन आणि बाकी सगळा वेळ गांबोआला.

दुपारच्या पावसात आश्रय घ्यायला दोन संग्रहालयं सांगतो. अमादोरच्या बांधावरचं बायोम्युसेओ हे फ्रँक गेरी यांनी रचलेलं, रंगीबेरंगी पत्रे वाऱ्याने विस्कटल्यासारख्या छपराचं. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी ही चिंचोळी जमीन समुद्रातून वर आली, दोन खंड जोडले गेले आणि प्राण्यांची ये-जा सुरू झाली. स्लॉथ उत्तरेकडे गेले, घोडे आणि मार्जारकुळातले प्राणी दक्षिणेकडे आले. ती गोष्ट इथे मुलांनाही कळेल अशी मांडली आहे. दुसरं कालिदोनिया भागातलं छोटंसं आफ्रो-अँटिलियन संग्रहालय. तिथे फार कुणी जात नाही, तुम्ही जा. कालवा प्रत्यक्षात खोदला तो मुख्यतः बार्बाडोस आणि इतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या काळ्या मजुरांनी. गोऱ्यांचा पगार सोन्यात, यांचा चांदीत. दुकानं, शाळा, दवाखाने, पाणी पिण्याच्या जागासुद्धा 'सोनं' आणि 'चांदी' अशा वेगळ्या. मिराफ्लोरेसच्या गच्चीवर टाळ्या वाजवून आल्यावर हे बघणं मला न्यायाचं वाटतं.

जुन्या शहरासाठी ओहोटी बघा. जुनी शहरं खरं तर दोन आहेत. पहिलं पनामा व्हिएहो, १५ ऑगस्ट १५१९ ला वसलेलं. पॅसिफिकच्या काठचं युरोपीयांचं हे पहिलं शहर. जानेवारी १६७१ मध्ये हेन्री मॉर्गन या समुद्री चाच्याने ते लुटलं, आगीत शहर गेलं. आज भग्न भिंती आणि कॅथीड्रलचा मनोरा उभा आहे. मनोऱ्यावर जिन्याने चढता येतं. सावली कमी, तेव्हा सकाळीच उरका. समोरच्या खाडीत ओहोटीला चिखलाची मैदानं उघडी पडतात आणि स्थलांतरित पाणपक्षी दाणे टिपावेत तसे किडे वेचतात. पूर्ण ओहोटीला ते ठिपक्यांएवढे दूर असतात, भरती चढू लागली की पाण्याच्या पुढे पुढे आपल्याजवळ येतात. त्या वेळेला दुर्बीण घेऊन उभे राहा. शिवडीचे रोहित ज्यांनी बघितले त्यांना ही युक्ती ठाऊक आहे.

दुसरं शहर, कास्को, १६७३ मध्ये वसवलं ते खडकाळ भूशिरावर, आणि का ते ओहोटीलाच कळतं. पनामाच्या आखातात पाणी पाच-सहा मीटर चढतं-उतरतं, मुंबईपेक्षाही जास्त. पाणी मागे गेलं की भूशिराभोवतीचे काळे खडक उघडे पडतात, शत्रूच्या जहाजाला जवळ येण्याची सोयच नाही. प्लासा दे फ्रान्सियाच्या वरच्या तटावरून, बोगनवेलीच्या मांडवाखालून चालत हे बघा. खालच्या चौकात कालव्यात मेलेल्या फ्रेंचांचं स्मारक आहे, खांबावर कोंबडा बसलेला. तिथेच कार्लोस फिनलाय या क्यूबाच्या डॉक्टरचीही आठवण कोरली आहे. पिवळा ताप डासाने पसरतो हे त्याने आधीच, १८८१ मध्ये सांगितलं होतं. बराच काळ कुणी मनावर घेतलं नाही. खिशातलं पिवळं कार्ड इथे एकदा चाचपून बघावंसं वाटतं.

त्या तटावर गुना जमातीच्या बायका 'मोला' विकायला बसतात. रंगीत कापडाचे थर एकावर एक ठेवून, वरचे कापत खालचा रंग उघडा करत, कडा दुमडून बारीक हातटाक्यांनी शिवलेली नक्षी. घेताना उलटी बाजू बघा. टाके बारीक, थर तीन-चार आणि मोकळी जागा भरलेली असेल तर काम चांगलं. घासाघीस फार करू नका, एकेका तुकड्यामागे आठवडे गेलेले असतात. फोटोआधी विचारा. 'पनामा हॅट' मात्र मूळची इक्वेडोरची. पनामाची स्वतःची टोपी म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची 'पिंताओ'. कास्कोमध्ये सान होसे चर्चची सोनेरी वेदी, सिमोन बोलिव्हारने बोलावलेल्या १८२६ च्या परिषदेची जागा, मोडलेल्या कमानी, सगळं चालत बघता येतं. अंधार पडल्यावर मात्र कास्कोच्या हद्दीबाहेर, एल चोरियोच्या बाजूला पायी भरकटू नका. ती गरीब, सोसलेली वस्ती आहे. डिसेंबर १९८९ च्या अमेरिकी आक्रमणात तिचा मोठा भाग जळाला.

शाकाहाऱ्यांनी स्पॅनिशमधली तीन वाक्यं पाठ करावीत: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. नुसतं 'कार्ने नको' म्हटलं तर कोंबडी हमखास येते. आपल्या जिभेला रुचेल असा पदार्थ म्हणजे 'आरोस कोन ग्वांदू'. ग्वांदू म्हणजे आपली तूर, ओल्या किंवा वाळल्या दाण्यांची, आणि भात नारळाच्या दुधातला. काजू इकडे आला तशी तूर तिकडे गेली आणि त्यांच्या सणाच्या जेवणात बसली. कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले पाताकोनेस, न्याहारीला फुगलेले ओहाल्द्रे, युकाची भजी (सारण विचारून घ्या). शहरात सिंधी आणि गुजराती व्यापारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यामुळे भारतीय जेवणही मिळतं, मंदिर आणि गुरुद्वाराही आहे. मासे खाणाऱ्यांनी कास्कोजवळच्या मेर्कादो दे मारिस्कोसमध्ये सकाळीच जावं, बाजार ताजा असतो तेव्हा.

एक दिवस हाताशी असेल तर ताबोगा बेट. अर्ध्या-पाऊण तासाची बोट. बोटीवरून कालव्यात शिरायची वाट बघत नांगर टाकून उभी असलेली जहाजं मोजता येतात. परतीची बोट आदल्या दिवशीच पक्की करा, शनिवार-रविवारी गर्दी होते.

आणि एक सकाळ सिंता कोस्तेरा या किनाऱ्यावरच्या रस्त्यासाठी राखा. समुद्रात भराव टाकून केलेल्या या रस्त्याचा शेवटचा टप्पा कास्कोच्या भोवतीने पुलावरून नेला, त्याने जुन्या शहराचं समुद्राशी असलेलं नातं दुरावलं हे खरंच आहे. पण चालायला, सायकलला जागा मोठी आहे. पनामाचा किनारा इथे आग्नेयेला तोंड करून आहे, त्यामुळे पॅसिफिकच्या पाण्यातून सूर्य वर येताना दिसतो. सूर्योदयाआधी पोचा. संध्याकाळी त्याच जागी 'रास्पादो'ची गाडी उभी असते. किसलेला बर्फ, वर रंगीत सरबत आणि घट्ट दूध. बर्फाच्या गोळ्यावर वाढलेल्यांनी बाकावर बसून तो खावा. समोर ओहोटीच्या चिखलात पेलिकन उतरत असतात आणि मागे मनोऱ्यांचे दिवे लागत असतात.